तिसरी बॅटरी घ्यायच्या आधी डायनामोचा हिशोब बघा

तुम्ही लिहिलंय की वडिलांची १९७७ ची अँबॅसेडर मार्क थ्री आहे, डायनामोवाली (डायनामो म्हणजे इंजिनच्या बेल्टवर फिरून वीज बनवतो तो), दीड वर्षात दोन बॅटऱ्या झाल्या, दिवसा काही त्रास नाही पण रात्री हेडलाइट पिवळे पडतात, स्लोला, म्हणजे रेस सोडल्यावर, चार्जिंगचा लाल लाइट मिणमिणतो, आणि परवा रात्री वैभववाडीकडनं करूळ घाट चढून गगनबावड्यामार्गे येताना पावसात कळ्याजवळ गाडी बंद पडली ती धक्का मारूनही उठली नाही. एक वायरमन म्हणतो रेग्युलेटर (डायनामोचे व्होल्ट आवरणारी डबी) बदला, दुसरा म्हणतो डायनामो काढून अल्टरनेटर (नव्या गाड्यांत डायनामोच्या जागी असतो तो) टाका, बॅटरीवाला तिसरी बॅटरी द्यायला बसलाय. कुणाचं ऐकू, असं विचारलंय.

सध्या कुणाचंच ऐकू नका, पैसे खिशात राहू द्या. मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात तेहतीस वर्षं डायनामो, सेल्फ (स्टार्टर) आणि वायरिंगचंच काम करतोय आणि "चार्जिंग कमी पडतंय" म्हणून आलेल्या जुन्या गाडीत डायनामो खरोखर जळालेला निघालाय असं फार थोड्या वेळा झालंय. बहुतेक वेळा डायनामो बिचारा आपलं काम करत असतो, पण त्यानं बनवलेली वीज बॅटरीपर्यंत पोचता पोचता मधे कुठंतरी गळते, कुठं गंजलेलं थिंबल (वायरीच्या टोकाला दाबलेला धातूचा तुकडा), कुठं सैल अर्थिंग, कुठं कटआउटचे, म्हणजे रेग्युलेटरच्या डबीतल्या चार्जिंग जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचे, काळे पडलेले पॉइंट. हे पार्ट बदलून सापडत नाही. मीटर लावून सापडतं. पाचशे-सातशेचा डिजिटल मल्टिमीटर घ्या, बॅटरीच्या किमतीपुढं ते काहीच नाही, आणि मी सांगतो त्या क्रमानं आकडे वहीत लिहीत चला.

पहिलं बॅटरीचं. अर्धवट चार्ज असलेल्या बॅटरीवर बाकीचं टेस्टिंग करायचं म्हणजे वजनकाटा वाकडा ठेवून धान्य मोजण्यासारखं आहे. गाडीतनं काढा, बाहेर चार्जरवर लावा, साठ अँपिअर-तासाची बॅटरी असेल तर पाच-सहा अँपिअरवर रात्रभर, घाईचं फास्ट चार्जिंग नको. काढल्यावर तीन-चार तास तशीच ठेवा आणि मग मीटर लावा. १२.६ ते १२.७ आलं तर भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटरनं सहाही सेलची ग्रॅव्हिटी, म्हणजे आतल्या अ‍ॅसिडचा दाटपणा, बघा, १२४० ते १२८० च्या मधे सगळे सारखे पाहिजेत, पाच सेल १२५० आणि एकच ११८० दाखवत असेल तर तो सेल गेला आणि ती बॅटरी पण गेली. सगळं ठीक असेल तर ती गाडीत बसवा, कॉइलची वायर काढून ठेवा म्हणजे इंजिन चालू होणार नाही, आणि दहा सेकंद सेल्फ मारून बघा, मीटर साडेनऊच्या खाली जाऊ नये.

तुमच्या दोन बॅटऱ्या का गेल्या ते इथंच सांगतो. लेड-अ‍ॅसिड बॅटरी महिनोन् महिने अर्ध्या पोटी राहिली की प्लेटांवर सल्फेटचा थर कडक होत जातो आणि मग ती चार्ज घेईनाशी होते. म्हणजे बॅटरी खराब निघाली म्हणून चार्जिंग कमी झालं असं नाही, चार्जिंग कमी होतं म्हणून बॅटरी खराब झाली. तिसरी घातली तरी तिचं तेच होणार.

मग फॅन बेल्ट. हे लोक बघतच नाहीत कारण बेल्ट दिसतोय, फिरतोय, मग ठीकच असणार. डायनामोची पुली आणि वॉटर पंपाची पुली यांच्या मधल्या मोकळ्या भागावर अंगठ्यानं दाबा, साधारण अर्धा इंच दबला पाहिजे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे बेल्ट काढून पुलीच्या खाचेत बघा. बेल्टची पकड खाचेच्या दोन्ही बाजूंवर असते, तळाला तो टेकायलाच नको. खाचेचा तळ आरशासारखा चकचकीत दिसला तर बेल्ट झिजून नाहीतर चुकीच्या मापाचा म्हणून खाली बसलाय आणि घसरतोय, मग तो कितीही ताणा. कोरड्यात कसंतरी भागतं, पाऊस लागला आणि हेडलाइट लावले की डायनामो फिरवायला जड जातो आणि बेल्ट घसरायला लागतो, कधी किरकिर आवाज येतो कधी येत पण नाही. तुमची गाडी पावसात रात्री गेली हे माझ्या डोक्यात आहे म्हणून हे लांबवलं. आणि उलटं पण करू नका, बेल्ट तारेसारखा ताणला की डायनामोच्या मागच्या बुशवर ताण येतो, त्याची गोष्ट पुढं आहे.

आता इंजिन चालू करून बॅटरीच्या दोन्ही पोलवर मीटर. सगळे लाइट बंद, थोडी रेस देऊन पंधराशे-दोन हजारच्या आसपास धरा, दोन-चार मिनिटांत १३.८ ते १४.५ यायला पाहिजे. मग हेडलाइट आणि वायपर लावा, त्याच रेसवर १३ च्या वर टिकायला पाहिजे. मग पाय काढा, स्लोला येऊ दे. स्लोला डायनामो जवळजवळ काहीच देत नाही, तो त्याचा स्वभाव आहे, लाल लाइट बारीक मिणमिणला आणि रेसला हात लावताच विझला तर त्यात दोष काही नाही. गोंधळ असा होतो की तिशीतल्या माणसानं अल्टरनेटरच्या गाड्याच चालवलेल्या असतात, त्याला स्लोला लाल लाइट दिसला की काळजी वाटते. काळजी तेव्हा करायची जेव्हा रेस दिली तरी लाइट पूर्ण विझत नाही. तो लाइट एका बाजूनं डायनामोला आणि एका बाजूनं इग्निशनला जोडलेला असतो, दोन्हीकडं सारखे व्होल्ट आले की विझतो, म्हणजे रेसवर पण अंधूक पेटलेला राहिला तर दोन्हींच्या मधे कुठंतरी फरक आहे, बहुतेक कटआउटच्या पॉइंटमधे किंवा त्या वाटेवरच्या जोडात.

इथून पुढचं काम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि नेमकं हेच कुणी करत नाही, म्हणजे वाटेत किती व्होल्ट हरवतात ते मोजणं. इंजिन चालू, रेस थोडी, हेडलाइट लावलेले. मीटरची एक पिन बॅटरीच्या अर्थच्या पोलवर, पोलवर म्हणजे शिशाच्या पोलवरच, क्लॅम्पवर नाही, आणि दुसरी डायनामोच्या बॉडीवर, जरा खरवडून. ०.१ किंवा ०.२ च्या वर दाखवायला नको. मग तसंच जिवंत बाजूला, बॅटरीचा दुसरा पोल आणि रेग्युलेटरचं ए टर्मिनल (बॅटरीकडची वायर लागते ते), इथं ०.३ पर्यंत चालतं, अर्धा व्होल्ट दिसला तर वाटेत दोष आहे. अर्धा व्होल्ट ऐकायला काहीच वाटत नाही, पण चार्जिंगचा सगळा खेळच १२.७ आणि १४.२ यांच्या मधल्या दीड व्होल्टाचा आहे, त्यातला अर्धा व्होल्ट वाटेत गेला तर एक तृतीयांश गेला.

गडहिंग्लजच्या एका गुरुजींची फियाट माझ्याकडं आली होती, त्याची गोष्ट सांगतो. त्याआधी दुसऱ्या ठिकाणी डायनामो दोनदा रिवाइंड झालेला, रेग्युलेटर नवीन, बॅटरी नवीन, आणि तरी चार्जिंग १२.८ च्या वर जाईना. मी बोलत बोलत सेल्फ मारायला सांगितला आणि सहज चोकच्या केबलला हात लागला तर ती गरम! चोकची केबल गरम व्हायचं कारणच काय? इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, रबरातनं वीज जात नाही, म्हणून इंजिन किंवा गिअरबॉक्सपासनं चॅसीला तांब्याची विणलेली अर्थिंगची पट्टी असते. गिअरबॉक्सचं काम झालं तेव्हा ती सोडली आणि परत लावलीच नाही, खाली लोंबत होती, टोकाला हिरवा गंज. मग सेल्फचा सगळा करंट चोकच्या आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या बारक्या केबलमधनं परत जात होता आणि चार्जिंग पण त्याच वाटेनं. मी पट्टीची दोन्ही टोकं उघडली, चॅसीवरचा रंग चकचकीत पत्रा दिसेपर्यंत खरवडला, दातेरी वायसर टाकून बोल्ट आवळला आणि वरून ग्रीस लावलं. मीटर १४.१. गुरुजी मीटरकडं बघतच राहिले, दोन वर्षं ते गाडी संध्याकाळनंतर बाहेर काढत नव्हते.

तर तुमच्या गाडीत ही पट्टी आधी शोधा. बॅटरीचे दोन्ही क्लॅम्प उघडून आतनं साफ करा, वरून चांगला दिसणारा क्लॅम्प आतनं काळा असतो. आपल्याकडं जून ते सप्टेंबर सगळीकडं ओल, त्यामुळं थिंबलच्या आत, जिथं वायर दाबलेली असते तिथं गंज चढतो आणि वरून कळत नाही, वायर वाकवली की आतनं करकरते. अशी वायर कापून नवीन थिंबल घालायचं, नुसतं पिळून टेप लावायचं नाही.

अजून एक, हात घालायच्या आधी तुमची गाडी पॉझिटिव्ह अर्थ आहे का निगेटिव्ह ते बघा. जुन्या ब्रिटिश बनावटीच्या गाड्यांत बॅटरीचा प्लस बॉडीला असायचा, अँबॅसेडर मूळची मॉरिस ऑक्सफर्ड, त्यामुळं हा प्रश्न तुमच्याबाबतीत खरा आहे, आणि इतक्या वर्षांत मधे कुणीतरी बदललेलं पण असू शकतं. बॅटरीची कुठली केबल बॉडीला गेलीय ते डोळ्यांनी बघा, अंदाज नको.

एवढं करून पण चार्जिंग येत नसेल तर मग डायनामोकडं वळायचं, आणि तो पण आधी गाडीवरच तपासायचा, काढायचा नाही. मागं दोन टर्मिनल असतात, मोठं डी आणि लहान एफ. दोन्हीच्या वायरी काढा, खुणा करून ठेवा. डी आणि एफ एका छोट्या वायरनं एकमेकांना जोडा, मीटरची एक पिन त्या जोडाला आणि दुसरी डायनामोच्या बॉडीला. इंजिन चालू करा, स्लोपासनं हळूहळू वर न्या, मीटर भराभर चढत गेला पाहिजे, आणि वीसवर आला की लगेच पाय काढा. इंजिन जोरात रेस करायचं नाही कारण रेग्युलेटर मधे नाही, डायनामोला आता लगाम नाही, जास्त फिरवला तर स्वतःलाच जाळून घेईल. वीसपर्यंत नीट चढला तर डायनामो ठणठणीत आहे, त्याला हात लावू नका. अर्धा-एक व्होल्टवरच अडकला तर तो नुसत्या उरलेल्या चुंबकत्वावर चाललाय, फील्ड कॉइलमधे (बॉडीच्या आत बसवलेल्या, न फिरणाऱ्या कॉइलमधे) दोष धरायचा. चार-पाच व्होल्टवर अडकला तर आर्मेचरवर, म्हणजे आतल्या फिरणाऱ्या भागावर, संशय. काहीच दाखवेना तर बहुतेक कार्बन, म्हणजे आर्मेचरवर घासून वीज बाहेर घेणारे कार्बनचे ठोकळे, अडकलेत. हा टेस्ट मला वस्तादांनी मी सतरा वर्षांचा असताना शिकवला, तेव्हा डिजिटल मीटर नव्हता, काटा किती झपाट्यानं चढतो ते बघून ते पलीकडनं सांगायचे की कार्बन बघ नाहीतर कॉइल बघ.

डायनामोवर ठीक आला तर तोच टेस्ट रेग्युलेटरच्या बाजूनं करायचा. डायनामोच्या वायरी परत आपापल्या जागी लावा, रेग्युलेटरवरच्या डी आणि एफच्या वायरी काढून एकमेकांना जोडा आणि परत तसंच हळूहळू वर न्या. डायनामोपाशी वीस येतात आणि इथं येत नाहीत म्हणजे मधली वायर कुठंतरी तुटलीय किंवा घासलीय, आणि ती बहुतेक इंजिनच्या उष्णतेनं कडक होऊन आवरणाच्या आतच तुटलेली असते.

डायनामो उघडायची वेळ आलीच तर काय बघायचं. मी पहिल्यांदा मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला बोट फिरवतो. काळी कार्बनची भुकटी असतेच, ती पुसायची, पण त्यात कथिलाचे बारीक चंदेरी थेंब हाताला लागले तर समजायचं की आर्मेचर कधीतरी एवढं तापलंय की कम्युटेटरच्या टोकाचं डाग वितळून उडालंय, म्हणजे जास्त लोड टाकलेला आहे. कम्युटेटर तांब्याच्या पट्ट्यांचा असतो, चांगला असेल तर फिकट कॉफीच्या रंगाचा गुळगुळीत दिसतो. सगळाच काळा असेल तर कार्बन नीट बसत नाहीत किंवा तेल गेलंय, आणि एखादी-दुसरीच पट्टी जळाल्यासारखी काळी असेल तर त्या पट्टीची कॉइल आतनं तुटलीय. नुसता मळ असेल तर पेट्रोल लावलेल्या फडक्यानं पुसा, खडबडीत असेल तर बारीक काचपेपरनं, एमरी पेपरनं नाही, एमरीचे कण पट्ट्यांच्या मधे आणि कार्बनमधे रुतून बसतात. खड्डे पडलेले असतील तर लेथवर हलका कट घ्यावा लागतो, आणि मग पट्ट्यांमधला अभ्रक तांब्यापेक्षा थोडा खाली, साधारण पाऊण मिलीमीटर, कोरून काढावा लागतो. आमच्याकडं त्यासाठी हॅक्सॉचं पातं बाजूनं घासून खाचेएवढं बारीक केलेलं आहे. एका आर्मेचरला पाऊण तास जातो, पण अभ्रक वर राहिला की कार्बन उड्या मारतात आणि महिन्याभरात परत तीच तक्रार.

कार्बन खाचेत सहज वरखाली सरकले पाहिजेत. नऊ-दहा मिलीमीटरच्या खाली गेले की मी बदलतो, आणि बदलताना दुसऱ्या मापाचा मोठा कार्बन आणून कानशीनं घासून बसवायचा हा प्रकार करू नका, त्याचा कडकपणा वेगळा असतो आणि तो कम्युटेटर खातो. स्प्रिंग मऊ पडल्या असतील तर त्या पण.

आता बुश. पुढच्या बाजूला बॉल बेरिंग असतं, मागं पितळी रंगाचं सच्छिद्र बुश. मागच्या बाजूला मधोमध तेल सोडायचं भोक असतं, त्यात पाच हजार किलोमीटरला दोन-तीन थेंब इंजिन ऑइल सोडायचं, दोन-तीनच, जास्त टाकलं तर कम्युटेटरवर जातं. हे भोक आहे हेच आता कुणाला माहीत नाही. तेल नाही मिळालं आणि वर बेल्ट कडक, मग बुश लांबट झिजतं आणि आर्मेचर एका बाजूला उतरून बॉडीतल्या चुंबकाच्या पोलवर घासायला लागतं. आर्मेचरच्या लोखंडावर एकाच पट्ट्यात चकचकीत ओरखडे दिसले तर ती बुशची करणी आहे, तिथं रिवाइंडिंग करून काही उपयोग नाही, आधी बुश. नवीन बुश बाजारातनं आणलं आणि ठोकलं असं करायचं नाही, बसवायच्या आधी ते चोवीस तास पातळ इंजिन ऑइलमधे बुडवून ठेवायचं म्हणजे त्याच्या छिद्रांत तेल भरतं. घाई असेल तर शंभर डिग्रीच्या तेलात दोन तास आणि तेलातच थंड होऊ द्यायचं. बाहेर काढून अंगठ्यानं दाबलं की तेलाची ओल वर येते, आली की समजायचं भरलं.

२०१९ आणि २०२१ च्या पुरात गाडी पाण्यात होती का तेही तपासा, वडिलांना विचारा. पुरातनं निघालेल्या डायनामोत गाळ सुकून कम्युटेटरच्या खाचांत बसतो आणि वाइंडिंगचं वार्निश फुगतं, तो चालतो पण अर्ध्या ताकदीनं. असे डायनामो आम्ही धुऊन, भट्टीत सावकाश वाळवून, मेगरनं (वायरीचं आवरण वीज गळू देतंय का ते दाखवणाऱ्या मीटरनं) तपासून परत वार्निश केलेत आणि ते आजपण गाड्यांवर आहेत.

रेग्युलेटरबद्दल. ज्याला लोक सरसकट कटआउट म्हणतात त्या काळ्या डबीत दोन वेगळ्या वस्तू आहेत. एक खरा कटआउट, तो डायनामोचे व्होल्ट १२.७ ते १३.३ च्या मधे आले की पॉइंट जोडतो आणि डायनामो मंदावला की तोडतो, नाहीतर बॅटरीच उलटी डायनामोत रिकामी झाली असती. दुसरा व्होल्टेज रेग्युलेटर, तो फील्डमधला करंट सेकंदाला कितीतरी वेळा जोडून तोडून व्होल्ट आवरतो. झाकण काढलंत तर स्क्रू पिळायचा मोह होईल, पिळू नका. तिथले पॉइंट साफ करायचे एवढंच करा, बॅटरीची केबल काढून, रेग्युलेटरचे पॉइंट बारीक कार्बोरंडमनं, कटआउटचे मऊ असतात म्हणून बारीक काचपेपरनं, मग स्पिरिट लावलेला कागद मधनं ओढून घ्यायचा. बॉक्स जिथं बॉडीला बसलाय तिथलं ई टर्मिनल आणि त्याचं अर्थिंग आवळा, ते सैल असेल तर रेग्युलेटरला व्होल्ट कळतच नाहीत आणि चार्जिंग वेडंवाकडं होतं.

सेटिंग खरंच कमी आहे का हे बघायचं तर ए, ए-वन, डी, एफ, ई अशी अक्षरं असलेल्या बॉक्सवर ए आणि ए-वनच्या वायरी काढून एकमेकांना जोडून बाजूला टेप लावून ठेवा, मीटर डी आणि बॉडीच्या मधे, इंजिन हळूहळू वर न्या, मीटर चढत जाऊन सोळाच्या आसपास अडकून स्थिर झाला पाहिजे. हे अर्ध्या मिनिटात आटपायचं, कॉइल तापली की आकडा बदलतो. सोळा ऐकून घाबरू नका, हा बॅटरी नसतानाचा आकडा आहे, बॅटरी जोडली की तो चौदाच्या घरात येतो. आकडा बरोबर आहे पण बॅटरीवर चार्जिंग कमी, म्हणजे दोष कटआउटच्या पॉइंटमधे किंवा पुढच्या वायरीत. आकडाच चौदाच्या खाली अडकत असेल तर मात्र बॉक्स सेट करायला जाणत्या माणसाकडं द्या, आणि नवीन घेतला तरी तो असाच मोजून बसवून घ्या, कारण डबीतनं निघालेला नवीन बॉक्स पण सेटिंगला बरोबर असतोच असं नाही.

नवीन रेग्युलेटर लावला, डायनामो उघडला किंवा गाडी खूप दिवस उभी होती, तर चालू करायच्या आधी डायनामोला पोलॅरिटी द्यायची, म्हणजे प्लस-मायनस कुठल्या बाजूला ते ठरवून द्यायचं. इंजिन बंद, एफची वायर काढून ठेवा, बॅटरीच्या जिवंत टर्मिनलवरनं एक वायर आणून एफच्या टर्मिनलला दोन-तीनदा क्षणभर टेकवा, बारीक ठिणगी येईल, झालं. हे विसरलात तर डायनामो उलट्या दिशेनं व्होल्ट करू शकतो आणि मग कटआउटचे पॉइंट चिकटून जळतात. एक पोरगा माझ्याकडं नवीन असताना हे राहून गेलं आणि ग्राहकाचा नवा बॉक्स पाच मिनिटांत गेला, तो मी माझ्या पैशानं भरून दिला आणि तेव्हापासनं गाळ्यात फळ्यावर खडूनं लिहून ठेवलंय, "आधी एफ".

आता हिशोब, जो मला वाटतं तुमच्या गाडीत अर्धं उत्तर आहे. या जातीचा डायनामो भरात असताना बावीस अँपिअर देतो, त्याच्यावर नाही. तुम्ही लिहिलंय की ६०/५५ चे हॅलोजन लावलेत. डिपरला ५५ चे दोन म्हणजे ११० वॅट, नऊ अँपिअर. मागचे, नंबर प्लेटचे आणि डॅशचे मिळून अडीच. इग्निशन चार. वायपर तीन. काचेवरची वाफ घालवायला ब्लोअर, पाच. साडेतेवीस झाले, म्हणजे डायनामो नवा कोरा असता तरी दीड अँपिअर बॅटरीतनं जात होते, त्यात हाय बीम, ब्रेकचे दिवे, गाणी, मोबाइलचं चार्जर. आणि तुमचा डायनामो गळतीमुळं समजा चौदाच देतोय, मग साडेनऊ अँपिअर बॅटरीतनं. घाटात ट्रकच्या मागं स्लोला रखडलात तेव्हा तर सगळंच बॅटरीवर. आधीच सल्फेट झालेली बॅटरी करूळच्या पायथ्यापासनं कळ्यापर्यंत आली हेच पुष्कळ. मूळ बल्ब ४५/४० चे होते, तेव्हा हा हिशोब जुळत होता. धक्का मारून का उठली नाही तेही यातच आहे, बॅटरी इतकी खाली गेली की कॉइलला ठिणगी पाडायलाच व्होल्ट उरले नाहीत, आणि धक्क्याच्या वेगात डायनामो काही देत नाही.

म्हणून मागचे, पार्किंगचे, डॅशचे बल्ब एलईडी करून घ्या, दिसायला काही फरक पडत नाही आणि दोन अँपिअर तरी वाचतात. हेडलाइटला रिले (बारीक करंटवर चालून मोठा करंट जोडणारा स्विच) लावा, वायर बॅटरीकडनं जाड आणा, जुन्या स्विचमधनं जाताना जो एक-दीड व्होल्ट मरतो तो वाचला की ४५ चा बल्ब पण स्वच्छ पांढरा दिसतो. पिवळा उजेड म्हणजे बल्ब लहान असं नाही, बल्बपर्यंत बारा व्होल्ट पोचत नाहीत.

अल्टरनेटर टाकावा का, यावर मी माझं मत सांगतो. गाडीत एसी बसवायचा असेल किंवा रात्रीचा कोकणचा प्रवास नेहमीचा असेल तर टाका, त्यात वाईट काही नाही, तो स्लोला पण चार्ज करतो. पण नीट करा. गाडी निगेटिव्ह अर्थ पाहिजेच, पॉझिटिव्ह अर्थवर साधा अल्टरनेटर जोडला की डायोड जागच्या जागी जातात. अल्टरनेटरपासनं बॅटरीपर्यंतची वायर जाड नवीन, जुन्या डायनामोच्या वायरीवर भागवायचं नाही. डॅशवर अँपिअर मीटर असेल तर तीस अँपिअरच्या मीटरमधनं पन्नास अँपिअर जातील आणि डॅशमागं वायर तापेल, म्हणून तो वेगळा काढावा लागतो. लाल लाइटचा बल्ब चालू पाहिजे, अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट त्याच बल्बमधनं मिळतो, बल्ब गेला तर चार्जिंग सुरूच होत नाही किंवा जोरात रेस दिल्यावर होतं. आणि चालू इंजिनवर बॅटरीची केबल काढून "चार्जिंग आहे का" बघायची जी सवय आपल्याकडं आहे ती अल्टरनेटरवर तर अजिबात नको, व्होल्ट एकदम उसळून रेग्युलेटर आणि डायोड दोन्ही जातात.

पण गाडी वडिलांची आहे, महिन्यातनं दोन-चारदा निघते, तर मी डायनामोच ठेवेन. शाही दसऱ्याला छत्रपतींची जुनी मेबॅक गाडी बघायला आपण दसरा चौकात गर्दी करतो, जुनी गाडी जशी होती तशी राहण्यात काय असतं ते कोल्हापूरकराला मी वेगळं सांगायला नको. आणि बदललात तरी काढलेला डायनामो भंगारात देऊ नका, आर्मेचरला तेलाचा हात फिरवून, फडक्यात गुंडाळून ठेवा, त्याची चांगली बॉडी आता शोधावी लागते.

या रविवारी एवढं करा. बॅटरी रात्रभर चार्ज, बेल्ट आणि पुली, क्लॅम्प आणि इंजिनची पट्टी साफ, मग रेसवर लाइट बंद आणि लाइट लावून असे दोन आकडे, अर्थ बाजूचा एक, जिवंत बाजूचा एक, आणि डी-एफ जोडून मीटर कुठपर्यंत चढला तो एक. हे पाच आकडे आणि कुठला पोल बॉडीला आहे ते मला कळवा, बॉक्सवरच्या अक्षरांचा फोटो पण पाठवा. त्यावरून पुढं काय उघडायचं आणि काय उघडायचं नाही ते मी सांगतो. तोपर्यंत गाडी दिवसाच काढा आणि गाणी बंद ठेवा.